बाईंच्या वर्गाला हवे असतात आणखी दोन कान

एका ताईंचा प्रश्न आहे. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे, घरापासून दहा मिनिटांवर जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे आणि आठवड्यातून दोन दिवस दुसरीच्या वर्गात मदतीला जावं असं त्यांच्या मनात आहे. वर्गात ३८ मुलं, बाई एकट्या. ताईंचं डी.एड. किंवा बी.एड. झालेलं नाही. त्या विचारतात, परवानगी कुणाकडे मागायची, बाईंना लुडबुड वाटेल का, आणि शिकवायचं काय? इंग्रजी बोलायला शिकवावं आणि गोष्टी सांगाव्यात असं त्यांनी साधारण ठरवलंय.

ताई, मी या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना उभी राहिले आहे. ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकवलं, त्यातली बरीचशी पहिली-दुसरीला. माझ्या वर्गात मदतीला आलेली माणसं त्या काळात मी पाहिली. निवृत्तीनंतर पुण्यात आले आणि गेली सहा वर्षं महापालिकेच्या एका शाळेत दुसऱ्या बाईंच्या वर्गात मीच मदतीला जाते. तुमच्या तीन प्रश्नांपैकी शेवटचा आधी घेते. तो सुटला की उरलेले दोन बरेच सोपे होतात.

'शिकवायचं काय' असं विचारताना आपण धरून चालतो की वर्गात शिकवणं कमी पडतंय. बहुतेक वर्गांत तसं नसतं. बाई शिकवत असतात. कमी पडतं ते ऐकणं. हिशेब करून बघा. ३८ मुलांपैकी प्रत्येकाचं वाचन तीन मिनिटं ऐकायचं म्हटलं तरी ११४ मिनिटं झाली, म्हणजे सलग तीन तासिका. तेवढ्या वेळात बाकीच्या ३७ जणांनी काय करायचं? मी मनापासून शिकवत होते, तरी प्रत्येक मूल एकट्यानं वाचताना मी महिन्यातून फार तर दोनदा ऐकत असेन. निवडणुकीचं काम आलं की तेही राहून जायचं. सगळा वर्ग एका सुरात धडा म्हणतो तेव्हा मागच्या रांगेतलं मूल नुसते ओठ हलवतं, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. बालभारतीतला धडा घडाघडा म्हणायचा, पानसुद्धा बरोबर जागी उलटायचा. फेब्रुवारीत एकदा त्याच्या शेजारी बसून मी ओळीच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. तो गप्प झाला. मग हळू आवाजात वाक्य पहिल्यापासून म्हणू लागला, त्या शब्दापर्यंत पोचायला. अख्खा धडा त्याला ऐकून ऐकून पाठ झाला होता, अक्षरं निम्मीही येत नव्हती. हे मला जुलैत कळायला हवं होतं. ते सात महिने मला अजून टोचतात. त्या वर्षी माझ्याकडे आणखी एक माणूस असता, रोज चार मुलांच्या शेजारी बसणारा, तर ते वाया गेले नसते.

म्हणून माझं सांगणं एवढंच की तुम्ही वर्गात बाईंचे आणखी दोन कान म्हणून जा. एका वेळी चार-पाच मुलं जवळ घ्या, एकेकाचं वाचन ऐका, अडलं तिथे थांबा, काय अडलं ते टिपून ठेवा. बी.एड. नाही म्हणून संकोचू नका. 'प्रथम' संस्थेच्या 'बालसखी' कार्यक्रमात मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणी मागे पडलेल्या मुलांचे गट रोज दोन तास घेत असत. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा परिणाम मोजला, तेव्हा मुलांचे गुण वाढल्याचं दिसलं, आणि सर्वांत जास्त वाढ सर्वांत मागे असलेल्या मुलांची होती. पण कार्यक्रम थांबून वर्ष झाल्यावर त्या फायद्यातला बराचसा ओसरला होता. या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवून जा. शिक्षकाची पदवी नसलेलं माणूसही मुलाला पुढे नेऊ शकतं, पण त्यासाठी येणं नियमित लागतं आणि मध्येच सोडलं तर कमावलेलं निसटतं.

इंग्रजीबद्दल. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे ते मुलांना अगदी नवं नाही. पालकांनाही इंग्रजीचं आकर्षण असतं, त्यामुळे तुम्ही ते घेतलंत तर कौतुक लगेच होईल. तरी मी म्हणेन, पहिली सहामाही मराठी वाचनाला द्या. ज्या मुलाला 'पाऊस' वाचता येत नाही त्याच्यासमोर दुसरी लिपी ठेवली की त्याचा गोंधळ वाढतो, आणि तो ते लपवायला शिकतो. गोष्टी मात्र जरूर सांगा, शेवटची दहा मिनिटं, वर्गातल्या सगळ्यांना. त्या वेळात बाईंची हजेरी-नोंदी उरकतात आणि मुलं तुमची वाट बघायला लागतात.

आता परवानगी. सुरुवात मुख्याध्यापकांपासून करा, बाईंपासून नको. तुम्ही थेट बाईंना गाठलंत तर नकार देणं त्यांना जड जातं आणि होकार द्यायचा अधिकार त्यांच्याकडे नसतो. दोन ओळींचा अर्ज द्या: कोण, कुठे राहता, कोणते दिवस, किती वेळ, कशासाठी. सोबत आधारकार्डाची प्रत. मुख्याध्यापक तो विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवतील. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. समितीच्या बैठकीला तुम्हाला बोलावलं तर आनंदाने जा. आपल्या मुलांमध्ये कोण बसणार हे आयांना बघायचं असतं आणि त्यांनी बघायलाच हवं. काही ठिकाणी केंद्रप्रमुखांना कळवतात, काही ठिकाणी गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र मागतात. केंद्र सरकारचं विद्यांजली पोर्टलही आहे, तिथे स्वयंसेवक म्हणून नोंदणी करता येते. पण अजून तरी मी पाहिलेल्या शाळांत खरं काम मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर बसूनच झालं. ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या घटनेनंतर शाळा बाहेरच्या माणसाबद्दल जास्त सावध झाल्या आहेत. पोलीस पडताळणीचा दाखला मागितला तर मनाला लावून घेऊ नका, उलट स्वतःहून विचारा.

बाईंना लुडबुड वाटेल का, हे खरंच बाईंवर अवलंबून आहे आणि त्यांच्या आधीच्या अनुभवावरही. माझ्या वर्गात एकदा एका गटाची तरुण मुलं-मुली आली होती. पहिल्या दिवशी रंगपेट्या वाटल्या, माझ्या मुलांसोबत फोटो काढले, तीन शनिवार खेळ घेतले आणि चौथ्या शनिवारी आलीच नाहीत. निरोपसुद्धा नाही. माझी मुलं दिवाळीपर्यंत विचारत होती, "बाई, ते दादा कधी येणार?" त्यानंतर मदतीला येतो म्हणणाऱ्या प्रत्येकाकडे मी दोन वर्षं संशयाने बघितलं. तुमच्या बाईंच्याही मनात असं काही असू शकेल. ते बोलून जात नाही. चार आठवडे ठरल्या दिवशी, ठरल्या वेळेला दारात उभं राहिल्यावर जातं.

पहिल्या भेटीत मी काय शिकवू शकते ते सांगू नका. विचारा, "कोणत्या मुलांसाठी तुम्हाला वेळ पुरत नाही?" मी स्वतः मदतीला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी चुकले. बाईंनी फळ्यावर लिहिलेल्या एका शब्दाची वेलांटी चुकली होती आणि ३१ वर्षांच्या सवयीने मी ती मुलांसमोरच दाखवली. बाई काही बोलल्या नाहीत, शब्द पुसला आणि पुढे शिकवू लागल्या. त्यानंतर दीड महिना त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. मी माफी मागितली तीही मुलं घरी गेल्यावर, एकटं गाठून. वर्ग त्यांचा आहे. मुलांच्या नजरेत त्यांचं स्थान तुमच्यामुळे तसूभरही खाली येता कामा नये.

परिस्थितीनुसार काय बदलेल तेही सांगते. तुमची शाळा शहरालगतची, मुलं भरपूर असलेली दिसते. लहान गावात चित्र वेगळं असतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कोष्टकात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत. म्हणजे चार वर्गांची मिळून ४० मुलं असली तर एकेक शिक्षक दोन-दोन वर्ग एकत्र सांभाळतो, आणि एक जण प्रशिक्षणाला किंवा केंद्राच्या बैठकीला गेला की चारही वर्ग एकाकडे. अशा शाळेत कधी ना कधी तुम्हाला म्हणतील, "ताई, आज एवढा वर्ग बघा." एखाद्या दिवशी, शेजारच्या वर्गात शिक्षक असताना, अडीनडीला मी हो म्हणते. ते दर आठवड्याला होऊ लागलं तर मुख्याध्यापकांशी स्पष्ट बोला. तुम्ही बदली शिक्षक नाही, तेवढी जबाबदारी तुमच्यावर टाकणं मुलांच्याही हिताचं नाही.

वेळ निवडताना परिपाठ संपल्यापासून मधल्या सुट्टीपर्यंतचा दीड तास मागून घ्या. खिचडी खाऊन झाल्यावर दुसरीतली मुलं पेंगतात. जूनमध्ये शाळा उघडल्यावरचे पहिले दोन-तीन आठवडे प्रवेशांची आणि पुस्तकवाटपाची धांदल असते, तेव्हा जुलैत सुरू करणं बरं. आणि शब्द दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचाच द्या. वर्षभराचं वचन देऊन ऑक्टोबरात थांबण्यापेक्षा दिवाळीपर्यंतचं पाळून पुढचं मग ठरवलेलं चांगलं.

आता प्रत्यक्ष काम. पहिले दोन-तीन दिवस, बाईंची संमती घेऊन, मुलं कुठे आहेत ते बघा. गावोगावच्या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर'च्या सर्वेक्षणात वापरतात ती चाचणी साधी आहे: सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल ज्या पायरीवर अडेल तिथून तुमचं काम सुरू. पाठ्यपुस्तकातलाच मजकूर वाचायला दिलात तर पाठांतर कळणार नाही, मी तिथेच फसले होते. नवा मजकूर नसेल तर ओळ शेवटच्या शब्दाकडून पहिल्या शब्दाकडे वाचायला सांगा.

गट करताना नुसती मागे पडलेली मुलं उचलू नका. चौघांत एक बरं वाचणारं मूल ठेवा आणि गट अधूनमधून बदला. नाहीतर दुसऱ्याच आठवड्यात वर्गाला कळतं की ताईंकडे जातात ते 'ढ'. 'कच्ची मुलं' हा शब्द शिक्षकांच्या बोलण्यात सर्रास असतो, मीही वापरला आहे. मुलांच्या कानावर तो पडू देऊ नका. बसायचं वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात किंवा बाईंना दिसेल अशा व्हरांड्यात.

मूल अडखळलं की आपल्या तोंडून शब्द निघून जातो. आवरा. मनात पाचपर्यंत मोजा. बरीच मुलं चार म्हणेपर्यंत स्वतःच वाचतात, आणि त्या वेळचा चेहरा बघण्यासारखा असतो. पाच होऊनही जमलं नाही तर पहिलं अक्षर द्या, अख्खा शब्द नको. अडखळण्यात काही ठरावीक गोष्टी दिसतील. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांची अदलाबदल फार होते. 'ख' काही मुलं 'र' आणि 'व' असा सुटा वाचतात. काही मुलं "ब ला दोन मात्रा बै, ल" असं फोडून म्हणतात आणि शेवटी 'बल' म्हणून मोकळी होतात, कारण मात्रा मोजता मोजता शब्दच हरवतो. अशा मुलाला फोडू देऊ नका. शब्दाखालून बोट सरकवत "बैऽऽल" असं लांबवून म्हणायला लावा आणि लगेच विचारा, "बैल कुठे पाहिलास?" अर्थ जोडला गेला की शब्द टिकतो.

एका गोष्टीबद्दल माझं मत ठाम आहे. 'पाणी' लिहिलेलं असताना मूल 'पानी' म्हणालं तर थांबवू नका. त्याने शब्द ओळखला, अर्थ ओळखला, आणि घरी जसा म्हणतात तसा म्हटला. वाचन झालं. माझ्या आत्ताच्या वर्गात कुणाच्या घरी गोरमाटी ही बंजारा समाजाची बोली बोलतात, कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या हिंदी. प्रत्येक ण आणि ळ दुरुस्त करत बसलं तर ही मुलं तोंड उघडायचंच बंद करतात. तुम्ही मात्र स्वतः स्वच्छ 'पाणी' म्हणत राहा. वर्षभरात बरीच मुलं ते आपोआप उचलतात.

गणितात मदत मागितली तर संख्यांपासून सुरू करा. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना दोन आधी, म्हणून मूल ५२ लिहितं. त्यात एकोणसत्तर ऐकलं की कानात 'सत्तर' राहतं आणि वहीत ७९ उमटतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशी वाचनाची पद्धत दिली तेव्हा मोठा वाद झाला. वाद बाजूला ठेवा, ज्या अडचणीसाठी ती दिली होती ती खरी आहे. खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबरबँड लावून करा. दोन गठ्ठे, पाच सुट्या काड्या मुलाच्या हातात द्या आणि मग लिहायला सांगा. आठवडाभर हेच केलं तरी चालेल.

एक वही ठेवा. मुलाचं नाव, तारीख, एक ओळ: 'शब्द वाचतो, जोडाक्षराला अडतो', 'आज गप्प, खोकला होता'. निघताना पाच मिनिटं बाईंना दाखवा. माझ्या मते मदतनिसाच्या कामातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, कारण तुम्ही ऐकलेलं बाईंपर्यंत पोचलं तरच उरलेल्या चार दिवसांत त्याचा उपयोग होतो. वही शाळेच्या कपाटातच राहू द्या. त्यात मुलांची खासगी माहिती असते.

काही गोष्टी करायच्याच नाहीत. चॉकलेटं नकोत. मी पहिल्या वर्षी वाचून दाखवणाऱ्याला एकेक लिमलेटची गोळी द्यायचे. महिन्याभरात मुलं आधी हात पुढे करायची आणि मग पुस्तक उघडायची. ते मोडायला मला पुढचे दोन महिने लागले. मुलांचे फोटो काढू नका, व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर तर नाहीच. कोणत्याही मुलासोबत बंद खोलीत एकटं थांबू नका, घरी सोडायला जाऊ नका. हात उगारू नका, कान धरून उभं करू नका, टोमणे मारू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. दंगा आवरत नसेल तर बाईंकडे बघा, ते त्यांचं काम आहे.

आणि एखादं मूल तुम्हाला काही सांगेल. शेजारी बसून ऐकणाऱ्या माणसाला मुलं सांगतात. बहुतेक वेळा ते मांजराच्या पिल्लांबद्दल असतं, पण कधी मारहाणीबद्दल, कधी त्याहून वाईट. तेव्हा घाबरलेला चेहरा दाखवू नका, खोदून प्रश्न विचारू नका, आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका. "तू सांगितलंस ते बरं केलंस" एवढं म्हणा आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि ते बंधन तुमच्यावरही आहे. शाळा टाळाटाळ करतेय असं वाटलं तर थांबू नका. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक जवळ ठेवा.

मुलं विचारतील, तुम्हाला काय म्हणायचं? 'बाई' म्हणवून घेऊ नका, तो शब्द त्यांच्या बाईंसाठी ठेवा. ताई, काकी, आजी, जे शोभेल ते. मला सगळी आजी म्हणतात. पहिल्या दिवशी मुलांची नावं त्यांच्याच तोंडून ऐका आणि ती म्हणतात तशीच म्हणा, हजेरीपटावरचा उच्चार पुष्कळदा वेगळा असतो.

कधीतरी थांबावं लागेल, तुमच्या किंवा घरच्या कारणाने. दोन आठवडे आधी मुलांना सांगा, शेवटचा दिवस कोणता ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहा. त्या दिवशी भेटवस्तू नेऊ नका. प्रत्येकाकडून एकेक ओळ वाचून घ्या, जुलैत त्याच्या नावापुढे काय लिहिलं होतं ते त्याला दाखवा आणि वही बाईंच्या हातात द्या.